रानानं गिळलेली देवी

माझ्याकडे लोक घर बांधायच्या आधी येत नाहीत, भिंत तडकल्यावर येतात. आले की आवाज खाली आणून विचारतात, वास्तुशांतीत काही राहून गेलं असेल का हो मॅडम? वास्तुशांत यथासांग झालेली असते. फक्त ज्या जमिनीवर ती केली, त्या जमिनीला कोणी काही विचारलेलं नसतं. पाया घालण्याआधी खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघायचं आणि लेखी द्यायचं, हे माझं काम. वीस वर्षं सांगलीत राहून तेच करते. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली पोर सासूला जड जाते म्हणतात, आणि आमच्या वाईच्या घरात तर माझं नावच आश्लेषा ठेवलं. सासू माझी ठणठणीत आहे. जड मी गेले ती बांधकामवाल्यांना.

पण खड्ड्यात उतरले की माझा तिखटपणा वरच राहतो. खाली गारवा असतो, बाहेरचे आवाज लांब जातात, आणि समोर मातीची उभी भिंत असते. तिच्याकडे बघत मी कितीही वेळ बसू शकते. घरचे म्हणतात, हिला तंद्री लागते. लागते, खरं आहे.

एप्रिल संपता संपता पृथ्वीराजचा फोन आला. आष्ट्याच्या पुढं, कृष्णेपासून थोडं आत, त्यांचं उसाचं रान. त्यातला आठ गुंठ्यांचा एक तुकडा रस्त्याला लागून होता, तिथं त्याला बंगला बांधायचा होता. नकाशा तयार होता, मातीचा कागद तेवढा हवा होता. मुलगा गोड बोलणारा. म्हणाला, मॅडम, एवढ्या उन्हात तुम्ही यायची पण गरज नाही, नुसती सही दिली तरी चालतंय. मी म्हटलं, न बघता सही मी माझ्या लग्नाच्या कागदावरसुद्धा केलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रानात हजर होते, गुंडा आणि नाथाजीला घेऊन. हे दोघे माझे खणणारे. यंत्रानं खड्डा घेतला की त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात आणि मातीचं काही कळत नाही, म्हणून मी अजून कुदळ-फावड्यानंच खणून घेते.

तुकडा बघितला आणि मी बांधावरच थांबले. चारी बाजूंनी ऊस, हिरवागार, डोक्याएवढा, आणि मधे हा एवढाच तुकडा उघडा, काळाभोर, कोरडा. शाळू काढून झालेला, धसकटं उभी. आणि भेगा. अख्ख्या रानभर भेगा, एकीतून दुसरी निघालेली, काही इतक्या रुंद की मनगट सहज आत जावं. मी एका भेगेत टेपची पट्टी सोडली. चार फूट गेली आणि तरी टेकली नाही. आत वाकून बघितलं तर खालून गारवा तोंडावर आला, आणि क्षणभर वाटलं की हे रान श्वास घेतंय. पाण्याचा पाइप बांधावरून गेलेला असताना कोणी एवढंच रान तहानलेलं का ठेवावं, मला कळेना.

पृथ्वीराजला विचारलं तर तो हसला. आजीचा हट्ट, म्हणाला. ह्या तुकड्यात ऊस लावायचा नाही, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, नुसता शाळू पेरायचा, असं ती पन्नास वर्षं सांगत आली. गाव हसायचं, पण आजोबांनी तिचा शब्द कधी मोडला नाही. बंगल्याला मात्र ती एका पायावर तयार झाली. तिची अट एकच होती, आधी खणून बघायचं.

आजोबा कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. सुभेदार लालासाहेब, मराठा लाईट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरी गाठलेले, पाठ अजून ताठ. मला बघून ते उठून उभे राहिले आणि खड्डा कुठं घेणार, असं अदबीनं विचारलं. मी तुकड्याच्या मधोमध काठी रोवायला निघाले तर म्हणाले, मधे कशाला, रस्त्याच्या कडेला घ्या. तेवढ्यात आजी आल्या. राहीबाई, ठेंगण्या, हातात पाण्याचा पितळी तांब्या. कडुलिंबापासून दहा पावलांवर उभ्या राहून त्यांनी पायानं जागा दाखवली, हितं. सुभेदार म्हणाले, तिथं झाडाची मुळं लागतील. आजी म्हणाल्या, लागूद्यात. दोघंही माझ्याकडे बघून बोलत होती, एकमेकांकडे नाही. नवरा-बायकोच्या भांडणात पंच व्हायचा मला मनस्वी कंटाळा आहे, घरी तेवढं पुरेसं होतं. पण भेगा तिथंच सगळ्यात रुंद होत्या, म्हणून मी आजींची जागा धरली. सुभेदारांनी खुर्ची उचलून खड्ड्यालगत आणली आणि तिथं बसून राहिले.

दुपारपर्यंत खड्डा पाच फूट खाली गेला. आजींनी मला बांधावर जेवायला बसवलं. शाळूची भाकरी ह्याच तुकड्यातली, सोबत वांग्याचं भरीत. सुभेदारांची भाकरी त्यांनी पृथ्वीराजच्या हाती खुर्चीकडे पाठवली. मग मी काही न विचारता त्या सांगायला लागल्या.

त्यांचं माहेर पाटणच्या वर, सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट रान, सगळं तांबड्या जांभ्या दगडाचं. तिथं पाऊस लागला की दिवस दिवस थांबत नाही, पण पाणी भुईवर टिकत नाही, दगडाच्या भोकाभोकांतून निघून जातं. तिथली भुई उन्हाळ्यात फाटत नाही की पावसाळ्यात फुगत नाही. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते. त्यांच्या रानात देवी होती. घडीव मूर्ती नव्हे, जांभ्याचे मुठीएवढे सात गोटे, शेंदूर लावलेले. थोरली लेक सासरी निघाली की त्यातला एक गोटा ओटीत घेऊन जायची आणि सासरच्या रानात मांडायची, अशी त्या घराची रीत. सतराव्या वर्षी राहीबाई ती देवी घेऊन ह्या काळ्या रानात आल्या.

सासऱ्यांनी चांगुलपणानं सांगितलं होतं की खाली मुरूम लागेपर्यंत खणतो, दगडाचं जोतं बांधून देतो, त्यावर देवी बसव. नव्या सुनेनं ऐकलं नाही. आमच्या देवीला जोतं चालत नाही, म्हणाली, ती उघड्या भुईवरची आहे. माहेरी पिढ्यान्‌पिढ्या ती भुईवर होती आणि कधी तसूभर हलली नव्हती. म्हणून तिनं इथंही ती कडुलिंबाजवळ नुसत्या काळ्या मातीवर मांडली. ऐकताना मला हसू आलं आणि मी ते भाकरीच्या घासात लपवलं. हीच चूक शिकलीसवरलेली माणसं करतात आणि वर माझ्याकडे सही मागतात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रान असं फाटलं की वासराचा पाय अडकून मोडायचा. वैशाखातल्या एका दुपारी राहीबाई पूजेला गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत देवी कलंडली आणि भेगेत गेली. त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना काही लागलं नाही. पळत घरी आल्या, तर सासू त्यांच्याकडे बघतच राहिली. आदल्याच दिवशी दोघींचं वाजलं होतं, सुनेच्या माहेरचा देव रानात आला आणि पाऊस गेला, ह्यावरून. सासू म्हणाली, रागानं हिनंच देवी कुठं तरी टाकली आणि आता भुईवर ढकलते. लालासाहेब तेव्हा लढाई आटोपून सुट्टीवर आले होते, बावीस-तेवीस वर्षांचे. सगळ्यांनी त्यांच्याकडे न्यायाला बघितलं.

“ह्यांनी भेगंत वाकून बगितलं,” राहीबाई म्हणाल्या, “आणि समद्यांच्या म्होरं म्हणले, भुई काय दगूड गिळती व्हय.”

त्यावर राहीबाईंनी भरल्या अंगणात शपथ घेतली. देवी सापडेल त्या दिवशी तिला ओटीत घेऊन सड्यावर परत जाईन आणि पुन्हा ह्या काळ्या रानात पाय ठेवणार नाही. जूनमध्ये चार सरी पडल्या आणि भेग मिटली. तुकड्याला पाणी द्यायचं नाही, हेही तेव्हाचंच. ओलं रान फाटत नाही, कोरडं फाटतं, आणि फाटत राहिलं तर कधी तरी पोटातलं वर देईल, असं त्यांचं त्यांनाच वाटलं होतं. सासू गेली, दिरांच्या वाटण्या झाल्या, नातवंडं लग्नाला आली. तरी गावात कोणाची वस्तू हरवली की चावडीवर अजून म्हणायचे, सुभेदारणीच्या रानानं गिळली असंल.

“पन्नास वर्सं खोटी म्हणून जगले,” त्या म्हणाल्या. “खोटी म्हणून मरायचं न्हाई मला.”

मला त्या बाईची एकदम माया आली. कारण त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता आणि तो त्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय बांधला होता. मी त्यांना सांगितलं, ह्या मातीत बारीक चिकण इतका आहे की पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरचं भेगांतून खाली पडतं. पावसाळ्यात भेगा मिटतात, खाली गेलेल्याला जागा पुरत नाही, मग माती खालून वर रेटते. वर्षानुवर्षं हे रान स्वतःला असं ढवळत असतं. भुई दगड गिळते, आजी, आणि कधी तरी परतही देते.

आजींनी हातातला घास खाली ठेवला. पदरानं डोळे पुसले. असं आजवर त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, मग सड्यावर असं का होत नाही? मी म्हटलं, खडक खरं तर एकच आहे, तुमच्या माहेरचा आणि सासरचा. दोन्हीकडची माती त्याच काळ्या पाषाणाची.

“एकाच खडकाची असून वागणूक का येगळी?”

“तिथं पाऊस फार, आजी. तो सगळं धुऊन नेतो, मागं तांबडा गंज तेवढा राहतो. इथं पाऊस कमी. खडकातून जे निघालं ते इथंच साठलं.”

त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. “म्हंजी हितलं रान काय सोडत न्हाई,” म्हणाल्या, आणि ताट उचलून निघून गेल्या.

गुंडा आणि नाथाजी उसाच्या सावलीला आडवे झाले. पृथ्वीराज फोनवर होता. मी एकटी शिडीनं खड्ड्यात उतरले, आणि दहा मिनिटांत माझी तंद्री लागली.

वरची वीतभर माती भुरभुरीत होती, बोटानं निसटणारी. तिच्याखाली ढेकळं, मग घट्ट काळा थर. तीन फुटांच्या खाली माती तिरकी तिरकी कापल्यासारखी सुटत होती, आणि तिच्या त्या पाठी गुळगुळीत, चकचकीत होत्या. फुगताना माती मातीवर घासते तेव्हा अशा पाठी पडतात. मी त्यावर तळहात ठेवला. मोठ्या जनावराच्या कुशीला हात लावावा तसं वाटलं. अधूनमधून चुनखडीचे पांढरे खडे होते. मी तळाला गिरमिट लावून बघितलं, तर मुरूम नऊ फुटांवर लागला, पिवळट, हातानं फुटणारा. त्याच्या खाली तो पाषाण.

मी टेकून बसले आणि डोळे मिटले. ह्या भुईला पहिल्या भेगा पडल्या त्या आमच्या कोणाच्याही आधी, तेव्हा त्यांतून आत जात काही नव्हतं, तापलेला लाव्हारस बाहेर येत होता. तो थरावर थर साचून, निवून काळा झाला. त्यात गारगोटीचा कण नव्हता, म्हणून त्याच्या मातीत वाळू झाली नाही, नुसता चिकण झाला. त्या चिकणाला पाणी हवं होतं आणि पाणी चारच महिने मिळत होतं. मग तो फुगत राहिला, फाटत राहिला. ऊस वाऱ्यानं सळसळत होता. ते ऐकता ऐकता मला वाटलं, मी टेकलेय ती भिंत हलके हलके वर चाललीय, आणि तिच्यातून हरवलेल्या वस्तू वर निघाल्यात, कुणाचं जोडवं, बैलाच्या गळ्यातली घंटी, खुरप्याची मूठ, आणि सगळ्या घाई न करता आपापल्या घरी चालल्यात. झोपच लागली असणार. डोळे उघडले तर समोरच्या भिंतीत, अडीच फुटांवर, हिरवं काही तरी चमकत होतं.

मी चाकूनं हळूहळू मोकळं केलं. मातीच्या गोळ्यातून बाहेर निघाला तो खण. चोळीचा खण, हिरवा, पॉलिस्टरचा, लग्नात-बारशात देतात तसला. तो सोडवला तर आत दुसरा, मोतिया रंगाचा. त्याच्या आत तिसरा, तो सुती, कुजून गेलेला, काठाचे धागे तेवढे राहिलेले. आणि त्यात मुठीएवढा जांभ्याचा गोटा. त्याच्या भोकांत शेंदूर अजून लाल होता.

बहात्तर साली भेगेत उघडीच गेलेली देवी. तिला पॉलिस्टर कोणी नेसवलं?

मी वर बघितलं. खड्ड्याच्या काठावर सुभेदार उभे होते. खुर्ची त्यांच्या मागं रिकामी होती.

“तिथंच ऱ्हाऊ द्या, म्याडम,” ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. खड्ड्यातूनच त्यांना विचारलं, हे तुम्ही केलंत? कधी? त्यांनी सगळं सांगितलं, हवालदारानं हजेरी द्यावी तसं, सालवार. चौऱ्याण्णव साली पेन्शनवर आले आणि पहिल्याच नांगरटीला देवी फाळाखालून वर आली. पुन्हा दोन हजार सहाला. पुन्हा दोन हजार सतराला. तीनदा रानानं दिली आणि तीनदा त्यांनी भेग बघून पुन्हा आत घातली. देवी आहे, उघडी कशी घालायची, म्हणून दर वेळी बायकोच्या पेटीतला एक खण काढून तिची ओटी भरली. म्हणजे ती बाई पन्नास वर्षं खोटी ठरत राहिली, आणि त्यातली तीस वर्षं ह्या माणसाला माहीत होतं की ती खरी आहे. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं.

“व्हय,” ते म्हणाले. “दिली असती तर ती खरी ठरली असती, आणि गेली असती. न्हाई दिली तर खोटी ऱ्हायली, पर घरात ऱ्हायली. तिचा शबूद तुमाला ठावं न्हाई, म्याडम. ती गेलीच असती.”

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला होता, आणि त्याची मायाही येत होती. दोन्ही एकाच वेळी. हातातला गोटा ऊन लागून कोमट झाला होता आणि तो कोणाला द्यावा, हे मला सुचेना.

ते मला ठरवावं लागलं नाही. कडुलिंबाच्या मागून राहीबाई पुढं आल्या. किती वेळ तिथं होत्या, देव जाणे. त्यांनी काठावर बसून हात पुढं केला आणि मी खणांसकट देवी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आधी देवी बघितली नाही, खण बघितले. हिरवा राजनंदिनीच्या बारशातला, म्हणाल्या, नातीच्या. मोतिया क्रांतीच्या लग्नातला, लेकीच्या. तिसऱ्याचे धागे त्यांनी नुसते बोटांवर घेतले. तो त्यांच्या आईनं दिलेला. तो पेटीतून गेला तेव्हा त्यांनी जाऊबाईवर, शालूबाईवर, आळ घेतला होता आणि बारा वर्षं तिच्या घरचं पाणी प्यायल्या नव्हत्या. मग त्यांनी देवी कपाळाला लावली आणि नवऱ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच सरळ बघितलं.

“आता म्हणा,” त्या म्हणाल्या.

गुंडा आणि नाथाजी उठून आले होते, पृथ्वीराज फोन हातात धरून उभा होता. सुभेदारांनी टाचा जुळवल्या. हात बाजूला सरळ सोडले.

“भुईनं गिळली व्हती,” ते म्हणाले. “राही खोटं बोलली न्हाई. खोटा मी.”

बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नसणार, कारण पृथ्वीराजनं चटकन मान खाली घातली. राहीबाईंनी नातवाला सांगितलं, घरात जा, माझ्या पेटीतनं कोरा खण आण, हळदी-कुंकू आण. ओटी भरायची म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. पृथ्वीराज रडवेला होऊन आजोबांकडे बघायला लागला.

“जा,” ते म्हणाले. “आणि येताना गाडी काढ. आजीला सड्यावर सोडायचं हाय.”

तो गेला. आम्ही सगळे उन्हात उभे होतो आणि कोणी सावलीला सरकत नव्हतं. मला वाटत होतं, चाकूनं तो हिरवा तुकडा मोकळा केलाच नसता तर बरं झालं असतं. माझ्या कामाचा मला असा पश्चात्ताप आजवर झालेला नाही. गाडी आली, बांधाला लागली, दार उघडं राहिलं. राहीबाईंनी देवी तांब्यातल्या पाण्यानं धुतली, हळदी-कुंकू वाहिलं आणि कोऱ्या केशरी खणात नीट गुंडाळली. उठल्या. गाडीकडे चार पावलं गेल्या.

मग वळल्या. धसकटं चुकवत, खड्ड्याबाहेर उरलेल्यांत सगळ्यात रुंद जी भेग होती तिच्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि देवी आत सोडली. दोनदा ढेकळावर आपटल्याचा आवाज आला. पुढं आला नाही.

गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या आणि आमच्या प्रत्येकाकडे एकेकदा बघितलं.

“सापडली न्हाई,” त्या म्हणाल्या. “गावात कुणी बी इचारलं तर समद्यांनी ह्येच सांगायचं. खणून बगितलं, पर सापडली न्हाई.”

पन्नास वर्षं खरं बोलून खोटी ठरलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलली. आणि आम्ही पाचही जणांनी मान हलवली. सुभेदारांना खुर्ची सापडेना. ती त्यांच्या मागंच होती. राहीबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना बसवलं, तांब्यातलं उरलेलं पाणी पाजलं, आणि उन्हाचं डोकं उघडं टाकून बसता म्हणून रागावल्या. उभी असलेली गाडी वाया घालवू नये म्हणून त्याच गाडीनं त्या वरच्या आळीला, शालूबाईच्या घरी गेल्या.

अहवाल मी दोन दिवसांनी लिहिला. काळी माती नऊ फूट, मुरूम त्याच्या खाली, पाऊसपाण्यानं जमीन फुगणार आणि आकसणार, घर बांधायला ही जागा योग्य नाही. त्याऐवजी ओढ्यापलीकडच्या तुमच्या माळावर बांधावं, तिथंही खणून बघितलं, मुरूम दीड फुटावर आहे. एवढं सगळं खरं होतं. शेवटी छापील कागदावर एक ओळ असते, खड्ड्यात आढळलेल्या इतर वस्तू. वीस वर्षांत मी त्या ओळीत खापराचा तुकडासुद्धा लिहायचा सोडलेला नाही. तिथं मी ‘काही नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.